सिद्धम्माची काहील

सिद्धम्मा संशयी होती हे सांगायला कोडगावात साक्षीदार शोधावा लागत नव्हता. शेंबडं पोरही सांगायचं. घाण्यावरनं तेल आणलं की ती आधी ते तळहातावर चोळायची, मग हुंगायची, आणि मग घाणेवाल्याच्या तोंडाकडं बघत राहायची. त्यानं काही केलेलं नसलं तरी तो बिचारा नजर खाली घालायचा. दारात जंगम आला तर हा खरा जंगम की नुसतं भस्म फासलेला कुणी, हे नीट निरखून झाल्याशिवाय त्याच्या झोळीत मूठभर जोंधळे पडायचे नाहीत. दुधानं तोंड पोळलेली माणसं ताक फुंकून पितात. ही बाई तोंड न पोळताच पाणीसुद्धा फुंकून प्यायची.

पण तिला तरी किती बोल लावायचा? ती सोलापूरच्या शुक्रवार पेठेतली. बाप चनबसप्पा किराणा विकायचा, आणि गिऱ्हाइकाची नजर जरा हलली की तराजूच्या पारड्याला हळूच अंगठा लावायचा. लेक शेजारी पोत्यावर बसून बघायची. असल्या बापाच्या मांडीला मांडी लावून वाढलेल्या पोरीला जगातल्या प्रत्येक तराजूला अंगठा चिकटलेला दिसला, तर नवल कसलं!

तिला दिली भीमेकाठी, कोडगावच्या रुद्रप्पाला. हा गडी नेमका उलटा. भोळा सांब. बैल घेताना त्याचे दात बघायचे असतात हे ज्याला बैल घरी आणल्यावर आठवतं, त्यातला. थोडा ऊस, स्वतःचं गुऱ्हाळ, घरात म्हातारी आई. मूलबाळ नाही. पण दोघांचं बरं चाललं होतं, कारण तो विश्वास टाकायचा आणि ती निस्तरायची.

गाव नदीच्या अल्याड आणि गावाचं निम्मं रान पल्याड. पूल नव्हता. उन्हाळ्यात माणसं पायी उतरून जायची, आणि पाणी आलं की काहील. काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची लोखंडी, गोल, परातीसारखी कढई. एवढी मोठी की आत पाच-सहा माणसं मांडी घालून बसावीत. तळ झिजला, चुलाणावर ठेवायच्या लायकीची राहिली नाही, की ती नदीवर जायची. कोडगावची काहील रुद्रप्पाच्या गुऱ्हाळातली होती आणि ती वल्हवायचा रहिमतुल्ला. रुद्रप्पाहून दहा-बारा वर्षांनी मोठा, अंगानं काटक, बोलायला कंजूस. बाप वल्हवायचा, आजा वल्हवायचा, म्हणून हाही. त्याच्या कमी बोलण्याचाही सिद्धम्माला पहिल्यापासून संशय. ती म्हणायची, "मोकळं मन असलं की मानूस बोलतंय. ह्यो काय पोटात धरून बसलाय?"

मग तो मोठा दुष्काळ आला. लोकांनी खडी फोडली, रेशनवरचा तांबडा मिलो जोंधळा खाल्ला, नदीच्या वाळूत झिरे खणले. आणि पुढच्या पावसाळ्यात, जणू मागची थकबाकी फेडायला, भीमा दोन्ही काठ खात आली. त्याच दिवसांत पल्याड, इंडीकडच्या एका गावात सिद्धम्माच्या बहिणीच्या मुलीचं लग्न निघालं. सासू अंथरुणाला खिळलेली, म्हणून सिद्धम्मा मागं राहिली. रुद्रप्पा एकटा निघाला. भाचीच्या गळ्यात मांडवापुरती घालायला म्हणून सिद्धम्माची सोन्याची बोरमाळ त्याच्या कमरेला बांधलेली होती.

तो पल्याड पोचला नाही. काहील मधल्या धारेत उलटली. रहिमतुल्ला खूप खाली, बाभळीच्या बेटात सापडला. उजवा खांदा निखळलेला, तोंडात चिखल. रुद्रप्पा दोन-तीन दिवसांनी मिळाला, त्याहून खाली. कमरेला बोरमाळ नव्हती. काहील पाणी ओसरल्यावर वाळूत रुतलेली मिळाली, ती गावानं बैलांनी ओढून पुन्हा घाटाला लावली.

"भवऱ्यानं घेतलं. काहील उलाटली. मला धरता आला न्हाय." एवढंच रहिमतुल्ला बोलला. पाटलाला हेच, पोलिसाला हेच, मयताला आलेल्या पै-पाहुण्यांना हेच. एक शब्द इकडचा तिकडं नाही. सिद्धम्मा भिंतीला टेकून ऐकत होती, आणि रडता रडता तिच्या मनात आलं की खरं बोलणारा माणूस दर वेळी थोडं वेगळं सांगतो. पाठ केलेलं तेवढं एकसारखं येतं.

झालं! बी पडलं, आणि रान तर आधीपासूनच नांगरलेलं होतं.

त्या वर्षी रहिमतुल्लानं घरावर नवे पत्रे टाकले. कुठनं आले? मदिनाबीनं, त्याच्या बायकोनं, नवं लुगडं घेतलं. कुठनं आलं? पत्रे मदिनाबीच्या भावानं अक्कलकोटहून पाठवले होते आणि लुगडं ईदचं होतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. सिद्धम्मालाही होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि पटणं वेगळं. रहिमतुल्लाचा खांदा नीट बसला नाही, उजवा हात कानाच्या वर जाईना. तिला तेही सोंग वाटलं. गावातली शहाणी माणसं समजवायला आली. धोंडीराम पाटील म्हणाले, "सिद्धम्मा, रहिमतुल्लानं त्याला लहानपनी खांद्यावर घिऊन नदी दावलीया. त्यो कशापायी मारंल?" ती म्हणाली, "पाटील, सोनं बगून भाऊ भावाला वळखत न्हाय, ह्यो तर शेजारी." पाटील टोपी सावरत उठले.

शिवा शिवा! संशय हा असा पाहुणा आहे, की एकदा ओसरीवर बसला की जेवण झाल्यावरही उठत नाही. दोन-तीन पावसाळे गेले. सासू गेली. पल्याडचं रान पडीक पडायला लागलं, कारण सिद्धम्मा रहिमतुल्लाच्या काहिलीत पाय ठेवायला तयार नव्हती. आणि एके दिवशी, आणीबाणीच्या उन्हाळ्यात, ती काठावर त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"काहील आमची हाय. मला वल्हवाया शिकवा. माजं रान मी बगीन."

हे तिनं तोंडानं सांगितलं. मनातलं सांगितलं नाही. मनात एवढंच होतं, की एक दिवस वल्हं आपल्या हातात असावं, नदी भरलेली असावी, आणि हा माणूस समोर बसलेला असावा. मग त्याला विचारायचं. खरं बोलला तर बोलला. तेच पाठ केलेलं पुन्हा बोलला, तर काहील कशी उलटते ते त्याला दाखवायचं. आपण उरलो काय, न उरलो काय. मागं रडायला होतं कोण?

रहिमतुल्लानं तिच्याकडं नीट बघितलं. "शीक," म्हणाला. बस्स. ना "बाईमान्सानं कशाला" म्हणाला, ना "गाव काय म्हनंल" म्हणाला. सिद्धम्मा घरी येईपर्यंत हेच घोळवत राहिली. इतक्या लवकर हो का म्हणाला? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

आता काहील वल्हवणं म्हणजे काय, हे ज्यानं केलं नाही त्याला वाटतं, त्यात काय एवढं! नावेला तोंड असतं, शेपूट असते. काहील गोल. तिला पुढं-मागं काही नाही. डावीकडं वल्हं मारा, ती उजवीकडं गिरकी घेते. उजवीकडं मारा, ती डावीकडं. घाबरून दोन्हीकडं मारा, की फुगडी घालते. सिद्धम्मानं पहिल्या दिवशी डोहात अशा फुगड्या घातल्या, की काठावर धुणं धुणाऱ्या बायका धुणं विसरल्या. कमलम्मा ओरडली, "अगं, घुगऱ्या वाट आता! काहिलीला फेर धराया शिकवलंस की!" सिद्धम्मा बाहेर आली आणि वल्हं वाळूत आपटून म्हणाली, "वल्हंच वाकडं हाय. मुद्दाम वाकडं दिलंय." नाचता येईना तिला अंगण वाकडं, ही म्हण बायकांनी तिच्या तोंडावर म्हटली.

रहिमतुल्ला हसला नाही. त्यानं वल्हं उचललं, धुतलं आणि म्हणाला, "आजपासनं पान्यात न्हाय. वाळूत."

वाळूत! गुडघे फाकवून वाळूत बसायचं, वल्हं समोर टेकवायचं, पोटाकडं ओढायचं, उचलायचं. पुन्हा टेकवायचं. गाव येता-जाता बघतंय, आणि ही विधवा बाई भर उन्हात वाळू वल्हवतीय. तिला खात्री पटली की हा आपली शोभा करतोय. शोभा करून हाकलायचा बेत आहे. म्हणून ती हटून बसली. संशयाचा असाही उपयोग होतो बघा. दुसरी एखादी कंटाळून घरी गेली असती.

वाळूतनं डोहात आली तेव्हा त्यानं एकच काम दिलं. "फकस्त बुडवायचं. वढायचं न्हाय. आवाज झाला न्हाय पायजे." मग कित्येक दिवस तेवढंच. वल्ह्याचं पातं समोर पाण्यात घालायचं, फडक् आवाज झाला की काठावरनं तो मान हलवायचा. पुन्हा. ते जमलं तेव्हा कुठं ओढायला सांगितलं, तेही मनगटानं नाही. "मनगाट दुकतंय म्हंजी चुकतंय. कंबर दुकली पायजे." मग ओढण्याच्या शेवटी पातं जरासं वळवून पाण्यातनं अलगद काढायचं, तेवढंच. एका वेळी एक. दोन गोष्टी एकदम विचारल्या तर तो उत्तरच द्यायचा नाही, विडी पेटवून दुसरीकडं बघायचा.

आणि हिचं डोकं सगळा वेळ दुसऱ्याच चरकात. हा एवढा वेळ का लावतोय? खरी मेख लपवून ठेवलीय का? अर्धवट शिकवून पुराच्या पाण्यात सोडायचा बेत आहे का? रोज सकाळी ती काहिलीचा तळ इंच इंच चाचपायची, रात्रीतनं कुणी भोक पाडलंय का बघायला. मदिनाबी काठावर बसायची, दोघांकडं बघून गावानं तोंड उचकटू नये म्हणून. ती हिला सावलीत बोलवायची, "अगे सिद्धम्मा, बैठ गे जरा, मरती क्या?" तर हिला वाटायचं, ही आपल्यावर पाळत ठेवायला बसलीय.

एका पहाटे कुणी नसताना ती एकटीच डोहात गेली. तिला एक गोष्ट बघायची होती. काहिलीच्या मध्यात वल्हं ठेवलं आणि एका कडेवर जाऊन बसली. काहील कलली, पण उलटली नाही. तिनं कडेवरनं बाहेर वाकून बघितलं. कलली, थांबली. तिनं आत उड्या मारल्या, भार इकडून तिकडं टाकला. लोखंड हललं, पाणी चुबुक चुबुक केलं, आणि पुन्हा सगळं जागच्या जागी. सिद्धम्मा मधोमध येऊन बसली. म्हणजे काहील आपोआप उलटत नाही. उलटवावी लागते. हातच्या कांकणाला आरसा कशाला! आता विचारायचंही काही उरलं नाही, असं तिला वाटलं. फक्त शिकायचं उरलं.

त्या दिवसापासून ती जी वल्हवायला लागली, ती बघत राहावं अशी. राग होता ना पोटात. पण गंमत अशी, की रागानं मारलेलं वल्हं काहिलीला कळायचं. रहिमतुल्लाचा विचार मनात आला की पातं पाण्यावर आपटायचं आणि काहील गिरकी घ्यायची. रुद्रप्पाचा आला तरी तेच. रहिमतुल्ला काठावरनं म्हणायचा, "वल्ह्याकडं बगू नगंस. पल्याडच्या झाडाकडं बग. दुसरं काय मनात आनू नगंस." तिला वाटायचं, हो, तुला बरंच की, माझ्या मनात काही आलं नाही तर!

तरी एक दिवस तसं झालं. पल्याड एक वाकडा लिंब होता, त्याच्यावर नजर लावून ती वल्हवत होती. डावं, उजवं, डावं, उजवं. कंबर आपोआप वळत होती. पाणी आवाज करत नव्हतं. काहील, ती गोल, आंधळी, हट्टी काहील, सुतात ओवल्यासारखी सरळ चालली होती. लिंब जवळ आला तेव्हा सिद्धम्माला कळलं की आपण गाणं गुणगुणत होतो. लहानपणचं, कन्नड, आई दळताना म्हणायची ते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला हलकं वाटलं होतं. आणि मागोमाग तिला स्वतःची एवढी चीड आली, की ती पल्याड उतरून त्या लिंबाखाली ढसाढसा रडली. नवरा ह्या पाण्यात गेला आणि आपण ह्याच पाण्यावर गाणी म्हणतोय! परत येताना तिनं काहिलीला गिरक्या खाऊ दिल्या. रहिमतुल्लानं काठावरनं जाणं-येणं दोन्ही बघितलं.

मग पाऊस लागला आणि नदी वाहती झाली. आता खरं शिक्षण. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "पल्याड जायाचं तर आदी काठाकाठानं वर जायाचं. लांब. त्या दगडापातूर. मग धारेत सोडायची."

"वर कशाला? पल्याड तर समोर हाय."

"जा मग समोर."

ती गेली समोर. धारेनं काहील उचलली आणि अशी खाली नेली, की सिद्धम्मा बाभळीच्या काट्यांत जाऊन अडकली. लुगडं फाटलं, हात सोलले. रहिमतुल्लानं काठावरनं येऊन तिला एका हातानं ओढून काढलं; खांद्याचं सोंग नव्हतं, एवढं तिला तेव्हा दिसलं. तेव्हापासून ती मुकाट्यानं आधी वर जायला लागली. काठावरनं बघणाऱ्याला वाटावं, ही बाई वाट चुकली, भलतीकडंच निघाली. पण दगडापाशी काहील सोडली की धार खाली ओढायची, ही पुढं ओढायची, आणि दोघींच्या ओढाओढीत काहील बरोबर समोरच्या घाटाला लागायची. गावानं तोंडात बोटं घातली. आषाढात तिनं पल्याडच्या रानात तूर पेरायला माणसं नेली, आणली. कमलम्मा, जी फुगड्या बघून हसली होती, तीच आता ओरडायची, "सिद्धम्मा असंल तरच बसनार बाई मी!"

श्रावण सरता सरता वरच्या अंगाला मोठा पाऊस झाला. नदी गढूळ, फुगलेली, मधल्या धारेत पाण्याला कुबड आलेलं. कुणी पल्याड जायचं नाव घेईना. सिद्धम्मा रहिमतुल्लाच्या दारात गेली.

"आज तुमी बसा. मी न्हेते. बगा तरी शिकले का न्हाय."

मदिनाबी चुलीपुढनं उठली. तिनं सिद्धम्माचं तोंड बघितलं आणि नवऱ्याची बाही धरली. "नक्को जाव जी आज. मेरेकू ये ठीक नै दिसता." रहिमतुल्लानं बाही सोडवली, विडीबंडल कोनाड्यात ठेवलं आणि वहाणा दारातच सोडून निघाला. हा का येतोय? पोहायचं तर ह्याला आता जमत नाही. का येतोय?

काहील काठाकाठानं वर गेली. तो समोर बसला होता, मांडी घालून, तिच्याकडं तोंड करून. दगडापाशी तिनं काहील सोडली. धारेनं ती धरली. पाण्याचा आवाज एवढा, की बोलायचं तर ओरडावं लागत होतं.

"रहिमतुल्ला, मी तुमास्नी बुडवाया आनलंय."

"ठावं हाय."

सिद्धम्माचं वल्हं क्षणभर चुकलं. "कवापासनं?"

"तू शिकाया आलीस तवापासनं."

"मग शिकवलं कशाला?"

"अर्धं शिकून आनलं असतंस, तर दोगंबी मेलो असतो." त्याच्या तोंडावर हसू नव्हतं, पण आवाज हसल्यासारखा होता. "नीट शिकलीस तर निदान तू तरी घरी जाशील."

तिला राग आला. असल्या बोलण्यानं पाघळणारी ती नव्हती. बापाच्या दुकानात गोडबोले तिनं ढिगानं बघितले होते. ती ओरडली, "भवरा नगं सांगू! मी डोहात बगितलंय. काहील आपनहून उलाटत न्हाय. काय केलंस तू त्यास्नी?"

"न्हाय उलाटत. खरं हाय." त्यानं मधल्या धारेकडं बोट केलं. "रुद्रा उटला."

"काय?"

"मी काहील वर घेतली. आत्ता तू घेतलीस तशी. त्येला वाटलं, मी भलतीकडं चाललो. म्हनला, पल्याड तकडं हाय, तू मला कुटं न्हेतुयास? मी म्हनलं, बस रुद्रा. धारेत आलो तवा त्यो उटून हुबा ऱ्हायला अन् दोनी हातानं वल्हं धरलं. वल्हं पान्यात अडाकलं, अन् धारेनं वल्ह्यासंगट काहिलीची कड खाली वढली. त्येवडंच."

"खोटं!" सिद्धम्माचा आवाज चिरकला. "त्यांनी जन्मात कुनावर संशय घेतला न्हाय! बैलाचं दात बगितलं न्हाईत! ते उटून तुजं वल्हं धरतील?"

रहिमतुल्लानं मान खाली घातली.

"बोल की! का उटले ते? बोल!"

सिद्धम्मानं वल्हं उचलून त्याच्यावर रोखलं, आता मारील की काय असं. तेव्हा त्यानं वर बघितलं, आणि इतक्या हळू बोलला की पाण्याच्या गोंगाटात तिनं ते त्याच्या ओठांवरनं वाचलं.

"उटताना म्हनला, सिद्धी म्हनलीच हुती."

सिद्धम्माला ती सकाळ जशीच्या तशी समोर आली. उंबऱ्यात उभं राहून ती रुद्रप्पाच्या कमरेला बोरमाळ बांधत होती. गाठीवर गाठ मारत होती. आणि सांगत होती, सोनं हाय अंगावर. त्या माणसावर ध्यान ठेवा. नदीत जरा भलतीकडं वळला तर गप बसू नका, वल्हं धरा त्याचं. रुद्रप्पा हसून म्हणाला होता, बरं बरं. आयुष्यभर तिनं सांगितलेलं त्यानं ह्या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं. तेवढं एकच ऐकलं.

"का सांगितलं न्हाय मला?" तिला स्वतःचा आवाज ऐकू आला नाही.

"माज्यावर राग धरून तू उटत हुतीस, जेवत हुतीस. ह्ये सांगितलं असतं तर काय धरून उटली असतीस?"

तिचे हात थांबले. वल्हं मांडीवर पडलं. काहील धारेत मोकळी सुटली आणि गरगरायला लागली. अल्याडचा काठ गेला, पल्याडचा आला, पुन्हा अल्याडचा. खाली, वळणापाशी, पाणी खडकावर फुटत होतं. त्याचा घोंगावणारा आवाज जवळ येत होता. सिद्धम्माला तो ऐकू येत होता आणि त्याचं काही वाटत नव्हतं. गेलं तर जाऊ दे, असंच तिला वाटत होतं.

तिनं रहिमतुल्लाकडं बघितलं. वल्हं त्याच्यापासनं हातभर अंतरावर होतं. तो जन्मभराचा नावाडी. नुसतं पुढं वाकून उचललं असतं तर त्यानं काहील सावरली असती. तो उठला नाही. वाकला नाही. त्याचे डोळे मिटलेले होते आणि ओठ कलमा म्हणत असावेत तसे हलत होते. त्याचा उजवा हात तसाही वर जात नव्हता. डावा जात होता. तो धडका हात त्यानं स्वतःच्या मांडीखाली घालून घट्ट दाबून ठेवला होता, वल्ह्याकडं जाऊ नये म्हणून.

सिद्धम्मानं वल्हं उचललं. गुडघे फाकवून बसली, समोर बुडवलं, ओढलं. पुन्हा. रडण्यानं तिला पल्याडचा काठ दिसत नव्हता, पण कंबर बरोबर वळत होती.